यादीत नसलेलं नाव

ता. ३ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राची वाट न बघता मीच लिहायला बसले, कारण बातमी पोटात मावत नाही. नव्या मंत्रिमंडळाच्या शपथविधीला यादी मी वाचणार! काल साहेबांनी बोलावून सांगितलं. शिष्टाचार विभागातून तुम्ही निवृत्त झाल्यावर त्या माईकपाशी तीन जण उभे राहिले, पण बाई कोणी उभी राहिली नव्हती. आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न की, कपडे कुठले घालणार. दुसरा प्रश्न की, दादाला कळवलंस का. म्हणून हे पत्र. हल्ली तुम्हाला कमी ऐकू येतं, फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकवणं, आणि आपल्या खात्यात ते कसं चालेल?

सरकार मात्र अजून व्हायचंच आहे. निकाल लागून अकरा दिवस झाले. दोन पक्षांचं जमलं आहे, मुख्यमंत्री कोण तेही ठरलं आहे, पण घोडं अडलंय मंत्रिपदांवर. मंत्री व्हायचे अकरा आणि आपलं नक्की झालं असं मानणारे निदान तीस. यादी सकाळी एक येते, दुपारी दुसरी. आमच्या टायपिस्ट बाई शपथेचे कागद तयार करताहेत. कागद तुमच्या वेळचाच, जाड आणि क्रमांक घातलेला, एकूण एक मोजून परत द्यायचा. एका गृहस्थांचं नाव त्यांनी चार वेळा टाइप केलं आणि चार वेळा त्यावर रद्दचा शिक्का मारला. त्या म्हणतात की, या माणसाचं नाव त्याच्या बायकोनेही इतक्या वेळा घेतलं नसेल.

सभागृहात पॉलिशचा वास भरला आहे. अकरा खुर्च्या ओळीत लावून झाल्या. मागच्या भिंतीतली ती एक खिडकी अजूनही नीट लागत नाही; सुताराने तिसऱ्यांदा रंधा मारला, पण ती ऐकेल तर शपथ.

तुम्ही लिहिलेली पुस्तिका मला तोंडपाठ आहे. पण पुस्तिकेत नसलेलं असं तुम्ही काय काय करत होता, ते कळवा. खरं सांगायचं तर भीती वाटते. मामींना नमस्कार.

कळावे. भाचीवर लोभ आहेच, थोडा वाचणाऱ्या बाईवरही असू द्यावा.
तुमची,
खारूताई

———

ता. ६ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीने तीनदा. नंतर तिने ते शेजारी नेलं. लहानपणी तू आमच्या घरात या खोलीतून त्या खोलीत इतकी पळायचीस की तुला खारूताई म्हणायला लागलो. तीच आता स्थिर उभी राहून अकरा माणसांना एकेक करून उठवणार! छाती फुगली आहे, हे कबूल. मामी म्हणते पोट फुगलंय, पण तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आता कामाचं. शपथविधीच्या सकाळी सभागृह रिकामं असताना एकेका खुर्चीवर स्वतः बसून बघ. कुठली करकरते, कुठून व्यासपीठ दिसत नाही, कुठे डोळ्यांवर ऊन येतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. शपथेला बोलावलेल्या प्रत्येकाचं नाव कसं म्हणायचं ते ज्याचं त्यालाच विचार. दुसऱ्याला विचारशील तर फसशील. नाव घेतल्यावर कागदाकडे बघू नकोस, माणसाकडे बघ, म्हणजे तो उठतो. आणि आदल्या दिवशी घरात सगळी यादी मोठ्याने वाच, पण खोटी नावं घालून.

हे शेवटचं तर फार महत्त्वाचं. यादीतलं काहीही, ती वाचून होईपर्यंत, कोणालाही कळता कामा नये. ना बाहेरच्याला, ना घरच्याला, ना ज्याचं त्याला. मामीला प्रत्येक मंत्रिमंडळ रेडिओवरून कळलं. कोणी विचारलं तर हवापाण्याबद्दल बोलावं. हा नियम माझा आहे आणि त्याला अपवाद नाही. पुस्तिकेतलं बाकी काही विसरलीस तरी चालेल.

भिऊ नकोस. तुझा आवाज तुझ्या आईसारखा आहे, आणि तिचा आवाज तर मला आजही ऐकू येतो.

इति. आमचा जीव तुझ्यात आहे, त्याची आठवण ठेवून वेळेवर जेवत जावं.
मामा

———

ता. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू माझ्या मुलीला काय लिहिलंस ते तुझं तुला माहीत, पण या घरात राहणं कठीण झालं आहे. रोज सकाळी ती दात घासून होताच भिंतीसमोर उभी राहते आणि कुठल्या कुठल्या माणसांची नावं घेते. काल त्यात आपल्या जुन्या दूधवाल्याचं आणि इस्त्रीवाल्याचं नाव ऐकलं. मी विचारलं की, यांनाही मंत्री करणार का? तर म्हणाली, आज ऊन फार आहे.

परवा शपथविधी आहे. कोणकोण होणार, असं जन्मदात्या आईने विचारलं तरी उत्तर तेच, ऊन फार आहे. तुझ्या बायकोने इतकी वर्षं काय सोसलं ते आता कळलं. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई मला आतली बातमी विचारते आणि माझ्याकडे आहे फक्त उन्हाची बातमी.

पण दादा, एक सांगते. ती भिंतीसमोर उभी राहते ना, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत थांबते. तिचे वडील असते तर त्यांनी आज टाळ्या वाजवून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मीच हळूच वाजवते, तिला ऐकू येणार नाही अशा.

टीव्ही लावून बसा. वहिनींना म्हणावं, आपण दोघी एकाच नावेत.

धाकटीवर माया ठेव, आणि तिच्या मुलीला थोडं बोलतं कर.
तुझी,
बहीण

———

ता. १४ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. सगळे म्हणतात, वाचन चांगलं झालं. पण मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे, आणि ती का मिळाली ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी तुमचा नियम मोडला.

शपथविधी सकाळी अकराचा. आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी स्वतः फोन करून अकरा जणांना बोलावलं होतं. सकाळी त्या सगळ्यांना सभागृहाशेजारच्या खोलीत बसवून शपथेचे कागद दिले. त्यांत एक जनावरांचे डॉक्टर होते, पहिल्यांदाच निवडून आलेले. कोटाच्या बाह्या जरा आखूड. बरोबर बायको आणि दोन मुली. डॉक्टर शपथ वाचत होते आणि मुली त्यांच्या चुका काढत होत्या. त्यांचं नाव कसं म्हणायचं ते मी विचारलं, तर दोघी मुलींनी एका सुरात म्हणून दाखवलं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी मुख्यमंत्र्यांच्या सहीची शेवटची यादी हातात आली. नववं नाव बदललं होतं. डॉक्टर गेले होते आणि त्यांच्या जागी मित्रपक्षाचे बसगाड्यांचे मालक आले होते. मी धावत मुख्यमंत्र्यांच्या सचिवांकडे गेले आणि विचारलं की, डॉक्टरांना कोणी सांगितलं का. ते म्हणाले, नाव आलं नाही की कळेलच त्यांना. आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळले.

मामा, मी हवापाण्याबद्दल बोलायचं ठरवूनच परत आले होते. पण खोलीत शिरले तर धाकटी मुलगी वडिलांच्या कोटावरचा केस उचलत होती. तीन मिनिटं उरली होती. मी डॉक्टरांना बाहेरच्या बोळात नेलं आणि सांगितलं की, तुमचं नाव यादीत नाही. हे सांगायचा मला अधिकार नाही, पण तुम्हाला ते खुर्चीवर बसून कळू नये.

डॉक्टरांनी विचारलं की, मुलींना सांगायला किती वेळ आहे. मी म्हटलं, लागेल तेवढा घ्या. सगळं सभागृह खोळंबलं असताना मी हे म्हटलं! ते आत गेले, मुलींपुढे उकिडवे बसले आणि त्यांच्याशी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मग चौघेही सभागृहात गेले आणि आमदारांच्या रांगेमागे जाऊन बसले. शपथविधी चार मिनिटं उशिरा सुरू झाला. नववं नाव मी घेतलं तेव्हा डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं.

पण आत जाताना दारातल्या वार्ताहराने त्यांना अभिनंदन म्हटलं, आणि त्यांनी सरळ सांगितलं की, मी नाही, मला आत्ताच कळवलं. यादी वाचायच्या आधी ती बातमी बाहेर गेली. मित्रपक्ष खवळला. आता मुख्य सचिव विचारतात की, यादी फुटली कशी आणि कोणाच्या परवानगीने. सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे, नाहीतर या खात्यातून उचलबांगडी. डॉक्टरांनी निरोप पाठवला आहे की, ‘मी आपणहून ओळखलं’ असं लिहून द्यायला ते तयार आहेत.

काय करू? नोकरीपेक्षा तुमच्या रागाची जास्त धास्ती आहे.

रागावलात तरी पत्र पाठवायचं थांबवू नये, एवढंच मागणं.
तुमची,
खारूताई

———

ता. १७ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या चार मिनिटांवरून मी टीव्हीसमोर बसून तुझ्या नावाने बोटं मोडली होती. मामीला म्हणालो की, पोरीला एवढं शिकवलं आणि ही वेळ पाळत नाही. ते शब्द मागे घेतो.

आता जे सांगतो ते मामीलाही काल पहिल्यांदा कळलं. बावीस वर्षांपूर्वी असंच एक नाव ऐन वेळी गळलं होतं. एक वकील होते. त्या वेळी वेगळी खोली नव्हती, सगळे थेट खुर्च्यांवर येऊन बसत. यादी माझ्या हातात तासभर आधी आली होती. तासभर, खारूताई! तुला तीन मिनिटं मिळाली. वकिलांची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. मी वकिलांसमोरून तीनदा गेलो. त्यांनी मला विचारलं की, इथे नेहमीच इतकं उकडतं का. मी म्हणालो, हो, मार्चपासून उकडायला लागतं. मग मी यादी वाचली. प्रत्येक नावाला ते थोडे पुढे सरकायचे. शेवटचं नाव झालं, राष्ट्रगीत झालं, सगळे उठून अभिनंदन करायला लागले आणि ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मी नियम पाळला होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि त्याच वर्षी मी तो नियम पुस्तिकेत घातला, कडक भाषेत. माणूस आपली लाज अशीही झाकतो.

तेव्हा राग कसला? तू जे केलंस ते करायची माझी छाती झाली नाही. तू नीट वाचलंस त्याचा आनंद आहेच, पण नीट वाचणारी माणसं मिळतात. तुझा अभिमान वाटतो तो त्या बोळासाठी. हे तोंडावर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून कान गेले ते बरंच झालं.

डॉक्टरांना खोटं लिहू देऊ नकोस. भला माणूस आहे, त्याला आणखी एक ओझं कशाला? घडलं तसं लिही, परवानगी नव्हती हेही लिही आणि खाली सही कर. बदली झाली तर इकडे ये, मामीच्या बागेला पाणी घालायला माणूस हवाच आहे.

इति. आमचा लोभ यादीवर अवलंबून नाही, हे जाणून असावं.
मामा

———

ता. २५ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने मोठ्याने वाचलं. उत्तर मी त्याच दिवशी लिहिलं, दीड पानी. मुख्य सचिवांनी काल बोलावलं. उभं ठेवूनच त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले की, इतकं सरळ उत्तर या टेबलावर बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. तरी नियम तो नियम. लेखी ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकात ती नोंदली गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहील. बढती दोन वर्षं लांबली. पण खातं तेच, आणि माईकही माझ्याकडेच.

मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी परत बोलावलं. यापुढे कोणाचं नाव गळलं तर मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने त्या माणसाला समक्ष सांगायचं, आणि सांगितल्याचं कळेपर्यंत शपथविधी सुरू करायचा नाही, असं कलम पुस्तिकेत घालायचं ठरलं आहे. मसुदा मी करायचा. तुमच्या नियमाच्या लगेच खाली ते येईल. चालेल ना?

डॉक्टर परवा कार्यालयात येऊन गेले. गडबडीत त्यांचा शपथेचा कागद खिशातच राहिला होता, तो परत द्यायला. टायपिस्ट बाई आठवडाभर तोच शोधत होत्या, त्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले की, मुलींना शपथ पाठ झाली आहे, पुढच्या वेळी त्याच घेतील.

आई शेजारणींना सांगते की, माझ्या मुलीला ताकीद मिळाली. असं सांगते की, ऐकणाऱ्याला वाटावं बक्षीसच मिळालं.

एक विचारू? त्या वकिलांना तुम्ही नंतर कधी भेटलात का?

कळावे. माया आहे तशीच असावी, वाढली तरी तक्रार नाही.
तुमची,
खारूताई

———

ता. ३१ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कलम अवश्य घाल. खाली कशाला, माझ्या नियमाच्या वर घाल.

तू विचारलंस आणि मला दोन दिवस चैन पडलं नाही. नव्हतो भेटलो. शेवटी मामी म्हणाली की, पत्ता काढा, मी येते. परवा तीन तास बसमधून गेलो. वकील आता सत्तरीचे आहेत. दार त्यांनीच उघडलं आणि मला लगेच ओळखलं. बैठकीच्या खोलीत बसल्यावर मी जे सांगायचं ते सांगितलं. तासभर आधी मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही, माफी मागायला आलो आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग आतल्या खोलीतल्या आईला ऐकू जाणार नाही, पण माझ्या कानात शिरेल अशा बेताने म्हणाले की, सातवं नाव त्यांचं असायचं, ते आलं नाही तेव्हाच त्यांना कळून चुकलं होतं. पण आई समोर होती. बाहेर आल्यावर आईने विचारलं की, तुझं नाव का नाही घेतलं? तेव्हा त्यांनी सांगितलं की, वाचणाऱ्याने एकदम दोन पानं उलटली, नाव मधल्या पानावर राहिलं, आणि मग उशीर झाला.

एवढ्यात त्या स्वतःच काठी टेकत बाहेर आल्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत. कोण आलंय, विचारलं. वकिलांनी काही म्हणायच्या आत तुझ्या मामीने ओळख करून दिली की, हे मंत्र्यांची यादी वाचायचे.

मग माझी जी खरडपट्टी निघाली! बावीस वर्षांची शिल्लक होती. पानं मोजून घेता येत नाहीत का, डोळे कुठे होते, सरकारचा पगार कशाचा घेता? मला शब्द न् शब्द ऐकू आला. तुला ठाऊक नसेल, एकतीस वर्षांत मी तेरा मंत्रिमंडळं वाचली. एक पान चुकलं नाही, एक नाव गाळलं नाही. तेवढी एकच गोष्ट मी आयुष्यभर मिरवली. मी वकिलांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते. मामीने माझ्या बाहीला धरलं होतं. तुला खरं तेच लिही म्हणून सांगणारा मी त्या बाईंना म्हणालो, हो आई, पान चुकलं माझ्याकडून.

मामीने बाही सोडली. आणि विचित्र म्हणजे मला हलकं वाटलं.

त्या खुर्चीवर बसल्या. थोडा दम खाऊन म्हणाल्या, चुकलं ते चुकलं, मग आता तरी वाच.

मी उभा राहिलो. कोटाची बटणं लावली. हात रिकामे होते, तरी कागद धरावा तसे धरले, आणि जसं यादीत घेतो तसं, वडिलांच्या नावासकट, वकिलांचं संपूर्ण नाव घेतलं. माझा आवाज किती लागला ते मला कळत नाही. मामी म्हणते, समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

नाव घेऊन झाल्यावर मी माणसाकडे बघितलं. वकील उठून उभे राहिले होते.

इति. आमच्या दोघांचं प्रेम आणि आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा जास्त.
मामा